बरे झालेले उंदीर

१

पिंजऱ्यांची दारं उघडी होती. आत लाकडाचा भुसा होता, खाण्याच्या गोळ्या होत्या, पाण्याच्या बाटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या होत्या. उंदीर तेवढे नव्हते.

एरवी उंदीर नाहीसे झाले म्हणून कुणी गळा काढत नाही. पण हे उंदीर मानाचे होते. संस्थेच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा माणसाच्या उंचीचा फोटो लावलेला होता आणि खाली ठळक अक्षरांत 'बरे झालेले' असं लिहिलं होतं. कावीळ घेऊनच जन्माला आलेले हे पांढरे उंदीर प्रोफेसरांच्या एका इंजेक्शनने खडखडीत बरे झाले होते. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार होती. तिने मान डोलावली की तेच इंजेक्शन माणसाला टोचायचं. कुठल्या माणसाला, तेही ठरलेलं होतं. याच रोगाची एक सोळा वर्षांची मुलगी तपासण्यांसाठी संस्थेच्या दवाखान्यात येऊन राहिली होती.

संचालकांनी तातडीने दोन कामं केली. प्राण्यांच्या खोलीला कुलूप ठोकलं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. आणि पोलिसांना कळवायचं नाही, असं ठरवलं. त्यांना चोर हवा होता, बोभाटा नको होता, आणि चोर वरच्या मजल्यावरच्या विरोधी गोटातला निघाला तर फारच उत्तम.

प्रोफेसर म्हणाले, "आमच्या वहिनींना बोलवू या. घरचंच माणूस आहे."

वहिनी म्हणजे प्रोफेसरांच्या थोरल्या भावाची बायको. जनावरांच्या डॉक्टर, पण जिवंत जनावरांशी त्यांचा संबंध फारसा आला नाही. मेलेलं जनावर टेबलावर घ्यायचं, उघडायचं आणि ते कशाने मेलं ते सांगायचं, यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. समोर बसलेल्या माणसाकडेही त्या अशा बघत, की याला कुठून चिरावं याचा विचार चाललाय. दिराबद्दलचं त्यांचं मत लग्नाच्या नवलाईतच बनलं होतं, आणि ते बदलावं असं दिराने पुढे काही केलं नव्हतं. हा माणूस पुस्तकापेक्षा आरशासमोर जास्त बसतो, असं त्या नवऱ्याला म्हणत. नवरा हसून विषय बदले.

घरचं माणूस घरचं झाकून घेईल, असा प्रोफेसरांचा हिशेब असावा. वहिनी खांद्याला पर्स अडकवून आल्या. रिकाम्या पिंजऱ्यांकडे त्यांनी एक नजर टाकली, शेजारच्या मांडणीकडे दुसरी.

"मग हे कसे राहिले?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या मांडणीत इंजेक्शन न दिलेले पिवळे उंदीर होते. त्यांच्या एकाही पिंजऱ्याला कुणी हात लावला नव्हता. प्रोफेसर संचालकांकडे बघू लागले आणि संचालक प्रोफेसरांकडे. दोघांनाही तोवर हा प्रश्न सुचला नव्हता.

२

प्रोफेसरांच्या खोलीत प्रोफेसरांचेच इतके फोटो होते, की आलेल्याने नजर कुठे ठेवावी हा प्रश्न पडे. वहिनींना खुर्ची देऊन त्यांनी आपलं संशोधन समजावून द्यायला घेतलं, शाळेच्या पोरांना द्यावं तसं. वहिनींना त्यातलं सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, कारण माणूस आपल्या तोंडाने काय काय सांगतो आणि काय वगळतो, हे त्यांना ऐकायचं होतं.

यकृतात एन्झाइमांचं एक मोठं घराणं नांदतं. त्यातल्या प्रत्येकाचं काम एकाच जातीचं: अंगात आलेलं किंवा अंगातच तयार झालेलं विष पकडायचं, त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडायचा, म्हणजे ते पाण्यात विरघळतं आणि शरीराबाहेर जातं. सगळ्याच प्राण्यांत सगळं घराणं हजर असतं असं नाही. मांजरात त्यातला एक जण कामाचा नसतो. म्हणून माणसाचं पोर जी तापाची गोळी सहज पचवतं, ती मांजराचा जीव घेते. प्रेमळ मालकांनी स्वतःच्या हाताने गोळी भरवलेली अशी कितीतरी मांजरं वहिनींच्या टेबलावर येऊन गेली होती. प्रेमळ मालकांबद्दलही त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

या उंदरांत आणि त्या मुलीत घराण्यातला दुसराच एक जण जन्मतः गैरहजर होता. जुन्या झालेल्या रक्तातून सुटणारा पिवळा रंग बांधून बाहेर काढणारा तो. तो नसला की रंग अंगात साठतो. कातडी पिवळी होते, डोळे पिवळे होतात, आणि तान्हेपणी तो रंग मेंदूत उतरला तर मेंदूची वाट लागते. पिवळे उंदीर झोकांड्या खात चालतात ते म्हणूनच. मुलीचं नशीब बरं, की आईबापांनी तिला पाळण्यापासून निळ्या दिव्याखाली निजवलं होतं. त्या उजेडाने रंग थोडाफार फुटतो. पण मूल वाढतं, कातडी जाड होते आणि दिवा पुरेनासा होतो.

"आम्ही हरवलेलं जनुक एका पाळीव विषाणूच्या पाठीवर बसवलं आणि यकृतात पोचवलं," प्रोफेसर म्हणाले. "पूर्ण वाढलेले पिवळे उंदीर घेतले, टोचलं, आणि बघता बघता कान गुलाबी."

"तुम्ही टोचलंत?"

प्रोफेसर जरा दुखावले. टोचण्याबिचण्याची कामं जावयाकडे होती. मुलीचा नवरा त्यांच्याच हाताखाली होता, प्रयोगाचं सगळं तोच बघायचा. प्रोफेसरांच्या वाट्याला भाषणं येत.

पण एक काम आपण स्वतः केलंय, असं सांगत त्यांनी मोबाइल काढला. बरे झालेल्या उंदरांची फिल्म. रविवारी काढलेली, समितीला चकित करण्यासाठी राखून ठेवलेली. पडद्यावर अरुंद लाकडी पट्टी होती आणि तिच्यावरून एकेक उंदीर तुरुतुरु धावत होता, शेपूट ताठ, पाऊल कुठेही न चुकता. त्यानंतर पिवळ्यांची पाळी होती. ते दोन पावलं टाकून कलंडत आणि खालच्या गादीवर पडत.

वहिनींनी फिल्म एकदा पाहिली. परत लावायला सांगितली.

"भाऊजी, हे धावणारे जन्मतः पिवळे होते ना?"

"अर्थात."

"आणि इंजेक्शन मोठेपणी दिलंत."

"तेच तर यश आहे, वहिनी."

वहिनींनी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. चोर अजून सापडायचा होता, पण चोरी त्यांना दिसली होती, आणि ती उंदरांची नव्हती.

३

वरच्या मजल्यावरच्या बाई मांजरांना चालतील अशी औषधं शोधत. प्रोफेसरांशी त्यांचं वैर इतकं जुनं होतं, की ते कशावरून सुरू झालं हे दोघांनाही आठवत नसावं. वहिनींना दारात बघताच, चौकशीला आलात तर उभ्याउभ्याच बोला, असं त्यांनी सुनावलं. वहिनींना त्या आवडल्या. त्यांनी तसं दाखवलं नाही.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. समितीने प्रोफेसरांच्या शब्दावर विसंबू नये, दोन उंदीर सर्वांसमोर उघडून यकृत आणि मेंदू तपासावा, अशी मागणी त्यांनीच केली होती आणि समितीने ती मान्यही केली होती. "मी ते पळवीन कशाला? मी तर ते दुकानाच्या काचेत मांडले असते," त्या म्हणाल्या. हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत, आणि वहिनींना ते पटलं. ज्याला उंदीर उघडून हवेत तो उंदीर गायब करत नाही.

पिंजरेवाल्याकडून काही कळेल अशी आशा वहिनींनी ठेवली नव्हती, आणि त्यानेही त्यांना खोटं पाडलं नाही. कामाच्या वेळी खोलीत नसणं हेच त्याचं मुख्य काम होतं. त्याला सगळे उंदीर सारखे. बरे झालेले पिवळे असताना कसे दिसायचे, असं विचारल्यावर तो गोंधळला. त्याच्या ताब्यात ते आले तेव्हा गुलाबीच होते, इंजेक्शन टोचून झालेले. पैदाशीच्या खोलीतून जावईसाहेबांनी आणून दिले. त्या खोलीत आपण जात नाही, तिथली किल्ली साहेबांकडेच असते, हे त्याने जरा समाधानानेच सांगितलं. तेवढंच काम कमी.

राहिला जावई. नाकासमोर चालणारा, सासऱ्यांच्या विनोदाला सासऱ्यांच्याही आधी हसणारा. वहिनी त्याच्या चुलतसासू, तेव्हा तो "काकू, चहा?" करत पुढे आला. सकाळी दार उघडलं तेव्हा काय दिसलं, ते त्याने फार व्यवस्थित सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव त्याने घेतलं नाही. फक्त त्यांच्या मजल्याकडे बघून उसासा टाकला. वहिनींना त्या उसाशाची किळस आली.

"उंदीर नसले तरी काही बिघडत नाही म्हणा," त्या सहज म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांकडे झकास फिल्म आहे. उद्या समितीला ती दाखवतील."

जावयाने कप खाली ठेवला. कुठली फिल्म, हे त्याने विचारलं. ती रविवारी काढली, लाकडी पट्टीवर चालवून, हे वहिनींनी सांगितलं. तो म्हणाला, की उंदीर चोरीला गेलेले असताना फिल्म दाखवणं बरं दिसणार नाही. दुःखाच्या प्रसंगी असला दिखाऊपणा नको. काकूंनी बाबांना जरा समजवावं. तुमचं ते ऐकतात.

तीस वर्षांत दिराने वहिनींचं एकदाही ऐकलं नव्हतं. वहिनींनी चहा संपवला आणि पैदाशीच्या खोलीची किल्ली मागितली.

"तिथे बघण्यासारखं काही नाही, काकू," जावई म्हणाला.

४

किल्ली लगेच मिळाली नाही. ती घरी राहिली होती, मग गाडीत होती, मग कुणाला तरी दिली होती. जावई ती शोधायला गेला आणि वहिनी दवाखान्याच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथे त्या मुलीची आई होती.

वहिनींना रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायची सवय नव्हती. त्यांचे रुग्ण नातेवाईक घेऊन येत नसत. पण आईच बोलायला लागली. मुलगी आत दिव्याखाली झोपलीय. रोज बारा तास झोपावं लागतं, परीक्षा असली तरी, मैत्रिणी घरी आल्या तरी. यकृत बदलायचं म्हटलं तर ते मोठं दुखणं, आणि ते मिळेल तेव्हा खरं. परदेशात दुसऱ्या एका गटाचं असंच इंजेक्शन तयार होतंय म्हणतात, पण त्याला वेळ आहे, आणि इथे तर सर तयारच आहेत.

"समजा इथलं चाललं नाही," वहिनी म्हणाल्या, "तर ते दुसरं घेता येईल, असं सरांनी सांगितलंय का?"

आई म्हणाली, की हो, घेता येईलच ना. सर म्हणाले, तोटा काही नाही.

असलं इंजेक्शन एकदाच देता येतं. पाठीवर जनुक घेऊन येणाऱ्या विषाणूला शरीर एकदा ओळखायला शिकलं, की पुढच्या वेळी त्याला दारातच मारतं. इथलं फुकाचं इंजेक्शन टोचलं तर उद्या येणारं खरं इंजेक्शनही या मुलीला कायमचं बंद. प्रोफेसरांना हे ठाऊक असणारच. ठाऊक असून त्यांनी ते विसरायचं ठरवलं होतं, भाषणात ते शोभत नाही म्हणून.

त्या उठल्या. किल्ली सापडो न सापडो, दार त्या उघडणार होत्या.

५

दार संचालकांच्या किल्लीने उघडलं. जावई धावत आला तोवर वहिनी आत होत्या.

खोलीत वास भरून राहिला होता. दोन्ही भिंतींना पिंजरे. पिवळ्या उंदराची निरोगी दिसणाऱ्याशी जोडी लावली की पिल्लांत काही पिवळी निघतात आणि काही चांगली. ज्यांना आईबापांपैकी एकाकडून धड जनुक मिळतं, ती भावंडं कधीच पिवळी होत नाहीत. दिसायला तीच, वंश तोच, फक्त कान गुलाबी. खिडकीजवळच्या पिंजऱ्यांत अशी गुलाबी कानांची भावंडं होती.

वहिनींनी एकेक पिंजरा खाली घेतला. कानाला पाडलेल्या भोकांवरून उंदीर ओळखायचा, ही प्रयोगशाळेची पद्धत. शेवटच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या कानांना भोकं नव्हती. कानांच्या कडाच कापलेल्या होत्या, ताज्या, रक्ताची खपली अजून न पडलेल्या. सगळ्यांच्या. सारख्याच.

"आपसात भांडतात, काकू," जावई दारातून म्हणाला.

"आणि सगळे एकमेकांचे कान एकाच मापाने कात्रीने कापतात," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी त्याला स्टुलावर बसायला सांगितलं आणि त्याच्याकडे पाठ करून, पिंजरे परत जागेवर ठेवता ठेवता बोलू लागल्या. तान्हेपणी पिवळ्या रंगाने लहान मेंदू करपतो. तोल सांभाळणारा तो भाग मग वाढतच नाही. पुढे यकृत सुधारलं, अंग गुलाबी झालं, तरी मेंदू नव्याने उगवत नाही. मोठेपणी बरा केलेला उंदीर गुलाबी होऊन झोकांड्याच खाणार. फिल्ममधले उंदीर सरळ धावत होते. म्हणजे ते बरे झालेले नव्हते. ते कधी आजारीच नव्हते. पिवळ्यांच्या जागी त्यांची निरोगी भावंडं ठेवली होती, आणि ते काम ज्याच्याकडे या खोलीची किल्ली होती त्याचं. समिती मेंदू उघडणार म्हटल्यावर उंदीर नाहीसे होणं भाग होतं. मारून भागलं नसतं. मेलेला उंदीरही उघडता येतो. म्हणून ओळखीची भोकं कानांच्या कडांसकट कापून ते जिथून आणले तिथेच परत नेले, आणि चोरीचा संशय वरच्या मजल्यावर ढकलला.

"इंजेक्शन चालतच नाही ना?" त्यांनी विचारलं.

जावयाने नाही म्हणून मान हलवली. मग हळूहळू सगळं आलं. खरे पिवळे उंदीर टोचूनही पिवळेच राहिले होते. पण बाबांनी त्याआधीच एका सभेत यश जाहीर करून टाकलं होतं. नाही म्हणायची सोय राहिली नाही. वाटलं, तोवर भावंडं ठेवू, मात्रा बदलून परत टोचू, चाललं की पुन्हा अदलाबदल करू. ते चाललंच नाही.

"आणि त्या मुलीला टोचणार होतात."

"बाबा टोचणार होते," जावई म्हणाला.

वहिनींनी आयुष्यात सडलेली आतडी हाताळली होती. एवढा तिटकारा त्यांना तेव्हा आला नव्हता.

६

समितीपुढे वहिनींनी हे सगळं सांगितलं, जावयाला सांगितलं त्याच क्रमाने. पिंजरे टेबलावर होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हसू दाबलं, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. संचालक आपण या संस्थेत नुकतेच आलो असावं अशा चेहऱ्याने बसले. जावई मान खाली घालून होता.

समितीच्या अध्यक्षांनी प्रोफेसरांना विचारलं, की हे तुम्हाला माहीत होतं का.

प्रोफेसरांनी टाय सरळ केला. जावयाकडे पाहिलं.

"होतं," ते म्हणाले. "सगळं माझ्या सांगण्यावरून झालं. त्याने फक्त ऐकलं."

जावयाने मान वर केली आणि त्याच्या तोंडावर सुटल्याचा जो भाव आला तो लपवायचंही त्याला सुचलं नाही. अध्यक्ष लिहू लागले.

"खोटं आहे," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी दिराचा मोबाइल मागून घेतला आणि फिल्म लावली. जो लबाडी जाणतो, तो लबाडीचा पुरावा स्वतः हौसेने चित्रित करत नाही, ती फिल्म हुकमाचं पान म्हणून खिशात बाळगत नाही. हे उंदीर सरळ चालायला नकोत, एवढंही यांना कळलं नाही. आपले उंदीर यांनी त्या रविवारआधी कधी नीट पाहिलेच नव्हते. हे लबाड नाहीत, त्यांना कामच ठाऊक नाही, असं वहिनींनी सांगितलं आणि त्या खाली बसल्या. प्रोफेसरांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला होता.

बाहेर आल्यावर त्यांनी वहिनींना जिन्यापाशी गाठलं.

"तेवढं तरी राहू द्यायचं होतं, वहिनी. माझं संपलंच होतं. त्याची नोकरी राहिली असती. माझी मुलगी आहे त्याच्या घरात."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मुलीसाठी बोलले, की मूर्ख ठरण्यापेक्षा लबाड ठरलेलं बरं वाटलं म्हणून, हे त्यांना ठरवता येईना. दिराच्या बाबतीत त्यांना असं पहिल्यांदाच होत होतं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"त्याने एका पोरीचा पुढचा रस्ता बंद केला असता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सुई धरली असती. तुमची मुलगी तुमच्याकडे येऊन राहू शकते. तिला जागा आहे."

दवाखान्यापाशी बाकावर बसलेली त्या आजारी मुलीची आई त्यांना बघून उठली. आत काय झालं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती प्रोफेसरांसमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, मग कधी?"

प्रोफेसरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडून काही मिळत नाही असं दिसल्यावर प्रोफेसर बाकावर बसले. आईलाही त्यांनी बसायला सांगितलं.

"माझं औषध चालत नाही," ते म्हणाले. "चालतं असं मी सांगितलं, ते न बघता सांगितलं. तोटा नाही म्हणालो, तेही खरं नव्हतं. ते परदेशातलं येईल, त्यासाठी थांबा. दुसरं कुणाचंही तोवर घेऊ नका."

आई ओरडली नाही. तिने एकदा परत विचारलं, एकदा परत ऐकलं. मग ती बंद दाराकडे बघत म्हणाली, "हे तिला तुम्हीच सांगा. मला जमणार नाही."

प्रोफेसर उठले. दाराशी जाऊन थांबले. खिशातून हात काढला, परत घातला. वहिनींना वाटलं, आता हा माणूस वळेल, काहीतरी निमित्त काढेल आणि जिन्याकडे जाईल. त्या वाट बघत राहिल्या.

त्यांनी दार वाजवलं. आतून मुलीचा झोपाळू आवाज आला, "या." दार उघडलं तसा निळा उजेड त्यांच्या बुटांवर पडला, आणि ते आत गेले.